फुल बॉडी चेकअपमध्ये तोंड का नाही?

फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती हल्ली कुठंही दिसतात, पेपरात, रिक्षाच्या मागं, फोनवर तर रोज. इतक्या टेस्ट, तितक्या टेस्ट, बायकोची फ्री. त्यात लिव्हर असतं, किडनी असते, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह, आणि तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी तर असतेच असते. तोंड मात्र नसतं. आता कुणी म्हणेल अहो ते रक्ताच्या टेस्टचं पॅकेज आहे, त्यात तोंड कुठून येणार, ठीक आहे, मान्य. पण डायबेटिसच्या पेशंटला वर्षातून एकदा ज्या तपासण्या करायला सांगतात, म्हणजे डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, ईसीजी, तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून बधिरपणा बघणं, त्या यादीतही प्रत्यक्षात तोंड क्वचितच येतं. आमच्या आईची शुगरची फाईल आता चांगली जाडजूड झालीय, त्यात इको आहे, सोनोग्राफी आहे, डोळ्यांचे रंगीत फोटो आहेत, पण हिरड्यांबद्दल एक ओळ सापडणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ओळ असायला पाहिजे, आणि खाजगीच्या आधी सरकारी तपासणीत असायला पाहिजे, कारण तिथं ती जवळपास फुकटात बसते. कशी ते पुढं सांगतो.

आधी मूळ गोष्ट. दात किडणं वेगळं आणि हिरड्यांचा आजार वेगळा, आपण दोन्हीला "दाताचा त्रास" म्हणून मोकळे होतो. किडलेला दात ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही, त्यामुळं माणूस झक मारत डेंटिस्टकडं जातो. हिरड्यांचा आजार, ज्याला आपल्याकडं सरसकट पायरिया म्हणतात, तो बहुतेक वेळा दुखतच नाही. ब्रश करताना थोडं रक्त येतं, तोंडाला वास येतो, हिरडी सरकल्यानं दात लांब दिसायला लागतात, मधे फटी पडतात, आणि मग कित्येक वर्षांनी एक दिवस पेरू खाताना कळतं की पुढचा दात हलतोय. दात आणि हिरडी यांच्यामधली जी बारीक खाच असते ती निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल असते. दातांवरचा चिकट थर निघाला नाही की त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, खाच खोल होत जाते, चार, पाच, सात मिलिमीटर, आत ब्रश पोचत नाही आणि तिथं हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचं छान बस्तान बसतं. मग दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि एकदा गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

यात शुगर कुठं येते? रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, एचबीएवनसी म्हणजे तरी काय, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचा हिशोब. तशीच ती हिरड्यांमधल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनालाही चिकटते, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही. जखम भरायला वेळ लागतो, पांढऱ्या पेशी जंतू मारण्यात कमी पडतात पण सूज मात्र गरजेपेक्षा जास्त करून ठेवतात. जंतू बाकीच्यांच्या तोंडात असतात तेच साधारण, शरीराचा त्यांच्याशी लढायचा ढंग बिघडलेला असतो. त्यामुळं डायबेटिस असलेल्यांना हा आजार गंभीर व्हायची शक्यता साधारण तिप्पट धरतात. त्यातली महत्त्वाची आणि कुणी फारशी न सांगणारी गोष्ट म्हणजे ज्यांची शुगर ताब्यात असते त्यांचा धोका बाकीच्या लोकांच्या बराच जवळ असतो. म्हणजे "शुगर आहे, दात जाणारच" असं काही नशिबात लिहिलेलं नसतं.

हे तिपटीचं गणित बरंचसं अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातून आलंय. तिथं गिला नदीच्या काठी पिमा नावाचे मूळ रहिवासी आहेत, ते स्वतःला अकिमेल ओऑधाम म्हणवतात. पिढ्यानपिढ्या नदीच्या पाण्यावर शेती करणारे लोक, एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, शेती बुडाली आणि ही माणसं सरकारी रेशनच्या मैद्यावर, साखरेवर आणि चरबीवर आली. पुढं टाईप टू डायबेटिसचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या समाजांमध्ये त्यांचं नाव यायला लागलं, आणि १९६५ पासून अमेरिकन सरकारच्या संशोधकांनी तिथं ठाण मांडलं. पाणी पळवलं त्याचं काय केलं तो वेगळा विषय, पण तपासण्या भरपूर केल्या, दातांच्याही. २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ३५ वर्षांवरच्या ६२८ डायबेटिक पिमांचा साधारण ११ वर्षं मागोवा घेतला होता. ज्यांच्या हिरड्यांचा आजार गंभीर होता त्यांच्यात हृदयविकार आणि डायबेटिसनं किडनी जाणं या दोन कारणांचे मृत्यू मिळून तिपटीहून जास्त निघाले. यावरून हिरड्यांनीच माणसं मारली असं कुणी म्हणू नये, ज्याचं तोंड खराब असतं त्याच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी खराब असतात, गरिबी असते, सिगरेट असते. पण ज्या डॉक्टरला ही माहिती आहे त्यानं पेशंटच्या तोंडात एकदा डोकावू नये हे मला काही पटत नाही.

आणि ही काय आजची बातमी नाहीये. हॅराल्ड लो नावाच्या नॉर्वेजियन दंतवैद्यानं, जे अमेरिकेच्या सरकारी दंतसंशोधन संस्थेचे प्रमुख होते, १९९३ मध्येच हिरड्यांच्या आजाराला डायबेटिसची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा आणि सहाव्या हिरड्या. पहिल्या पाचांसाठी आज स्पेशालिस्ट आहेत, कॅम्प आहेत, कंपन्यांची स्पॉन्सरशिप आहे. सहावी तीस वर्षांहून जास्त काळ दाराबाहेर उभी आहे. आपल्याकडच्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथातसुद्धा प्रमेहाच्या, म्हणजे डायबेटिससारख्या आजारांच्या, पूर्वलक्षणांमध्ये दातांवर मळ साचणं आणि तोंडाला गोडसर चव येणं सांगितलंय, हे वाचून "बघा, आमच्याकडं सगळं आधीच होतं" म्हणणारे लगेच येतील, त्यांना विनंती की एवढं आधी माहिती होतं तर पाळलं का नाही तेही सांगावं.

आता उलटी दिशा, जिथं खरा वाद आहे. हिरड्या शुगर वाढवतात का? तत्त्व म्हणून पटण्यासारखं आहे, ताप आला किंवा पायाला जखम चिघळली की शुगर वर जाते हे डायबेटिसच्या घरात सगळ्यांना माहिती असतं. गंभीर पायरिया म्हणजे न दुखणारी, वर्षानुवर्षं उघडी राहिलेली जखमच. ती तळहाताएवढी असते असं डेंटिस्ट लोक फार हौसेनं सांगतात, ते जरा फुगवलेलं आहे, नीट मोजून काढलेला आकडा साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर येतो. पण तेवढी जखम पायाला असती तर घरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं असतं. या सूजेतून टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन सिक्स अशी रसायनं रक्तात जातात आणि इन्शुलिनचं काम अवघड करतात.

तत्त्व झालं, पुरावा काय? २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, सहा महिने हिरड्यांवर उपचार करून एचबीएवनसी बघितलं, काही फरक नाही, ट्रायल मधेच थांबवली. त्यावर आक्षेप आले की उपचारांनंतरही त्या लोकांच्या दातांवर प्लाक, म्हणजे तो चिकट थर, बराच तसाच होता, म्हणजे हिरड्याच नीट बऱ्या झाल्या नव्हत्या तर शुगर कशी उतरेल. मग २०१८ मध्ये लंडनमध्ये २६४ लोकांवर वर्षभर कसून उपचार केले, गरज पडली तिथं सर्जरीसुद्धा, आणि नुसतं वरवर साफ केलेल्यांच्या तुलनेत एचबीएवनसी ०.६ नं कमी निघालं. २०२२ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं अशा ३५ ट्रायली, ३,२४९ माणसं, एकत्र मांडून बघितली तेव्हा तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ आणि सहा महिन्यांनी ०.३० असा फरक आला.

०.४३ म्हणजे किती, तर ८.४ चं ८ होणं. फार नाही, पण काहीच नाही असंही नाही. काही डेंटल क्लिनिकवाले मात्र याची जाहिरात "दात साफ करा, शुगर घालवा" अशा थाटात करतात, "एक गोळी कमी होईल" म्हणतात, ते चुकीचं आहे आणि धोकादायक आहे. स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढणं, केलं म्हणून कुणी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सोडली तर त्याला जबाबदार कोण? हा सरासरी फरक आहे, तुमचा किती होईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि तो टिकवायचा तर रोज नीट ब्रश आणि ठराविक महिन्यांनी परत साफसफाई हे आयुष्यभराचं काम आहे. खोबरेल तेलाच्या गुळण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर तर मी बोलतच नाही.

माझा मुद्दा या आकड्यावर उभाच नाहीये. समजा उद्या आणखी मोठी ट्रायल आली आणि तिनं सांगितलं की हिरड्यांच्या उपचारानं शुगरवर शून्य परिणाम होतो. तरी डायबेटिसच्या माणसाचे दात टिकवायला पाहिजेत का? पाहिजेतच. कारण आहारतज्ज्ञ जो कागद हातात देतात तो एकदा नीट वाचा. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, काकडी, गाजर, कच्ची कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, फळ खायचं तर पेरू. सगळं चावून खायचं. ज्याच्या दाढा गेल्यात किंवा हलतायत तो हे खाणार कसं? तो चहात खारी बुडवणार, बिस्किट बुडवणार, पाव, मऊ भात आणि वरून वरणाचं पाणी. म्हातारी माणसं चोरून गोड खातात म्हणून घराघरात भांडणं होतात पण त्यांना चावता काय येतं हे कुणी विचारत नाही. कवळी बसवली तरी भाकरीचा कडक पापुद्रा चावताना ती उचलली जाते, हिरडीला टोचते, मग ती वाटीत पाण्यात पडून राहते आणि लग्नाला जाताना बाहेर निघते. दात गेल्यामुळं माणूस नेमकं तेच खायला लागतो जे त्यानं खायचं नव्हतं, आणि याचा हिशोब कुठल्याच ट्रायलमध्ये नीट येत नाही. मला ०.४३ पेक्षा हे कारण जास्त दणकट वाटतं.

आता आपल्याकडचं चित्र बघू. आयसीएमआरचा इंडियाब नावाचा देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असा अंदाज निघाला. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के, म्हणजे जवळपास दर चौथा मोठा माणूस. आणि महाराष्ट्राच्या तोंडाचं म्हणाल तर तंबाखू. आपल्याकडं ओढण्यापेक्षा चघळण्याचं आणि घासण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मिश्री बायका अजूनही दातांना लावतात, आणि वर सांगतात की त्यानं दात घट्ट राहतात. दात घट्ट राहत नाहीत, जिथं तंबाखू रोज धरली जाते तिथली हिरडी उलट खाली सरकते, कॅन्सरचा धोका वेगळाच. बिडी-सिगरेटचं आणखी एक, निकोटीननं हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळं ओढणाऱ्याला रक्त कमी येतं आणि त्याला वाटतं आपलं तोंड एकदम फर्स्ट क्लास. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, टपरीवर विचारून बघा किती बंद आहे ते.

अशा राज्यात सरकारनं एक चांगली गोष्ट चालवलीय. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांची तपासणी. केंद्राचा कार्यक्रम आहे, राबवतात आपल्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर आणि सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, वय किती, कंबर किती, तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. त्या फॉर्ममध्ये तोंडाबद्दल चांगले पाच-सहा प्रश्न आहेत. तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम आहे का, गाठ आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का, चावताना दुखतं का, आवाज बदललाय का. सगळे कॅन्सरच्या दिशेनं, आणि ते बरोबरच आहे, तंबाखूच्या मुलखात ते पहिलं पाहिजे. मग उपकेंद्रावर बोटाला सुई टोचून शुगर बघतात, बीपी बघतात, आणि टॉर्च मारून तोंड तपासतात.

म्हणजे बघा, माणूस तोच, दिवस तोच, टेबल तेच. एका मिनिटाला त्याची शुगर २४० निघते आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचा जबडा उघडा असतो, आत टॉर्च असतो, आणि बघणारी सिस्टर चट्टा शोधते पण समोर दिसणाऱ्या सुजलेल्या हिरड्या आणि दातांवरचं वीतभर किटण यांना कागदावर जागाच नाही. जागा नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढं पाठवायचा प्रश्न नाही. इथं नवीन मशीन नको, नवीन माणूस नको, फॉर्ममध्ये दोन प्रश्न पाहिजेत. ब्रश करताना रक्त येतं का, आणि कुठला दात हलतो किंवा आपोआप पडलाय का. आणि शुगर जास्त निघाली असेल तर उत्तर काहीही असो, दातांच्या डॉक्टरकडं चिठ्ठी. बास.

यावर पहिली ओरड येणार की आशाताईंवर आधीच किती कामं लादलीत, आणि ती ओरड खरी आहे. त्यांना मानधन वेळेवर मिळत नाही, त्यासाठी त्या मुंबईत मोर्चे काढतात, आणि आपण वर आणखी दोन प्रश्न चिकटवा म्हणतोय. मी म्हणेन की चिकटवायचे तर त्याचे पैसेही चिकटवा, नाहीतर फॉर्ममधले दुसरे दोन फालतू रकाने काढा. फुकट राबवून घेऊन हे करायला माझा पाठिंबा नाही.

दुसरी ओरड डॉक्टरांची. ओपीडीत माणशी चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात गोळ्या, डाएट, इन्शुलिन, नातेवाईकांचे प्रश्न, त्यात कधी तोंड बघायचं? हेही खरं आहे. पण मी त्यांना प्रोब घेऊन खाच मोजायला सांगतच नाहीये, ते त्यांचं कामही नाही. विचारायचं फक्त, आणि विचारायला रिसेप्शनवरचा मुलगाही चालतो, वजन-बीपीच्या रकान्याशेजारी. इंग्लंडमध्ये नाईस ही जी संस्था उपचारांचे नियम ठरवते तिनं २०२२ मध्ये डायबेटिसच्या मार्गदर्शक सूचनांत हेच घातलं, की पेशंटला सांगा तुम्हाला हिरड्यांच्या आजाराचा धोका जास्त आहे आणि नियमित दात तपासून घ्या. तिथं दातांच्या सरकारी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायची मारामार आहे हा भाग वेगळा, पण निदान कागदावर तरी आलं.

खरं कारण वेळेचं नाहीच असं मला वाटतं. तोंड हा शरीराचा भाग आहे हे आपल्या व्यवस्थेनं कधी मान्यच केलं नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरला दातांचं पहिलं कॉलेज वेगळं निघालं तिथपासून दोन घरं वेगळी झाली, आपल्याकडं १९४८ मध्ये डेंटिस्ट कायदा वेगळा झाला, कौन्सिल वेगळी झाली, कॉलेजं वेगळी. एमबीबीएसला दात जेमतेम तोंडओळखीपुरते, बीडीएसला मेडिसिन थोडं असतं पण पुढं कुणी विचारत नाही. आज या दोघांचा संबंध येतो तो एकाच चिठ्ठीपुरता, दात काढायच्या आधी डेंटिस्ट म्हणतो फिजिशियनचं फिटनेस आणा, फिजिशियन त्यावर "फिट" लिहून देतो. दात का काढावा लागतोय हे तो विचारत नाही, आणि शुगर किती महिने अशी आहे हे डेंटिस्ट विचारत नाही.

विम्याचंही तेच. साध्या मेडिक्लेममध्ये दात साधारणपणे वगळलेले असतात, अ‍ॅक्सिडेंट होऊन अ‍ॅडमिट झालात तरच. सरकारी योजना मुळात अ‍ॅडमिट होणाऱ्या मोठ्या आजारांसाठी. म्हणजे डायबेटिसनं पायाचं बोट कापावं लागलं तर पैसे मिळतील, डायबेटिसनंच खिळखिळ्या झालेल्या हिरड्या वाचवायला छदाम नाही. शहरात साधं स्केलिंग हजार-दीड हजारापर्यंत जातं, खोल साफसफाई त्याच्या कितीतरी पट, त्यामुळं माणूस म्हणतो दुखत नाहीये ना, मग जाऊ दे. त्यात भर गैरसमजाची, की स्केलिंगनं दात हलायला लागतात. होतं असं की किटणानं एकमेकांना चिकटून बसलेले दात मोकळे होतात, सूज उतरल्यानं फटी दिसतात, आणि आधीच हाड गेलेला दात आता हलताना जाणवतो. आजार किती पुढं गेलाय ते तेव्हा कळतं, आणि खापर साफ करणाऱ्यावर फुटतं.

डेंटिस्टांनाही सूट द्यायचं कारण नाही. पस्तीस-चाळीस वयाचा माणूस, हिरड्यांना वारंवार गळू होतंय, दात भराभर हलतायत, आणि हे सरळ एक्सरे काढून इम्प्लांटचं कोटेशन हातात ठेवतात. ग्लुकोमीटरची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की किती दात गेलेत आणि किती खाचा खोल आहेत एवढ्या दोनच गोष्टींवरून, स्वतःला डायबेटिस किंवा त्याची सुरुवात आहे हे माहीत नसलेल्यांपैकी ७३ टक्के ओळखता येतात. आपल्याकडं ज्याला आपली शुगर माहितीच नाही असा माणूस दातासाठी आपणहून चालत येतो, खुर्चीवर अर्धा तास बसतो, आणि तसाच घरी जातो.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो माझ्याच सूचनेवर आहे. चिठ्ठी दिली, पुढं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा डेंटिस्ट नसतो. ग्रामीण रुग्णालयात पोस्ट असते, कधी भरलेली असते कधी नसते, खुर्ची असते पण कॉम्प्रेसर बंद, स्केलरची टीप तुटलेली, असं ऐकायला मिळतं. सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी मोजकी, गडचिरोलीचा किंवा अक्कलकुव्याचा माणूस हिरड्यांसाठी तिथं जाणार नाही आणि त्यानं जावं अशी अपेक्षाही करू नये. गावोगाव नुसत्या चिठ्ठ्या वाटल्या तर लोक त्या चुलीत घालतील आणि पुढच्या वेळी आशाताईंना दारातूनच परत पाठवतील, कॅन्सरची तपासणीही त्यात जाईल. दुसरीकडं देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी ढिगानं बीडीएस बाहेर पडतात आणि त्यातली बरीच पोरं-पोरी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर काढतात किंवा क्षेत्रच सोडतात. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, म्हणजे योजनेचं नाव आहे, बजेटमध्ये हेडही आहे, कमी आहे ती पोस्ट काढायची आणि खुर्ची चालू ठेवायची.

म्हणून मी सगळ्या राज्यात एका जीआरनं सुरू करा असं म्हणणार नाही. ज्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयातली दाताची खुर्ची खरोखर चालू आहे तिथंच फॉर्ममध्ये ते दोन प्रश्न घाला, आणि त्या खुर्चीवर आठवड्यातला एक दिवस फक्त शुगरच्या पेशंटसाठी ठेवा, त्याच दिवशी त्यांच्या गोळ्या वाटायचा दिवस ठेवा म्हणजे एसटीचं दुसरं भाडं पडणार नाही. गोव्यानं तर हे आधी करावं. राज्य एवढंसं, डायबेटिस देशात सगळ्यात जास्त, बांबोळीला डेंटल कॉलेज आणि मेडिकल कॉलेज एकाच परिसरात, काणकोणहून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत जाऊ शकतो. दोन वर्षं करून बघा, किती लोकांना रक्त येत होतं, किती चिठ्ठीवर खरंच आले, किती दात वाचले, शुगर उतरली का नाही, सगळं छापा. शुगर उतरली नाही असं निघालं तर तेही छापा, दात किती वाचले याचा रकाना तेवढा वेगळा ठेवा.